न घेतलेली झडती

आमच्या गल्लीत माझ्या वयाच्या बायका अंगठा लावतात. मी सही करते. चौथीपर्यंत शिकले, पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती म्हणून शिक्षण थांबलं, पण सही राहिली. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाई रेशनच्या दुकानात मला मुद्दाम पुढे करायच्या आणि दुकानदाराला म्हणायच्या, शाईची डबी ठेव तिकडं, आमची सून सही करती. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. पाहुणे आले तरी मी स्वयंपाकघरातूनच उत्तर देते. पण सही करताना माझा हात कधी थरथरला नाही. एवढी एकच गोष्ट मला लोकांसमोर नीट येते, असं वाटायचं.

त्या सहीमुळे जे झालं ते इथे लिहून ठेवते आहे. वही मुलीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. कुणाला दाखवायची नाही. कोर्टात मला जेवढा वेळ उभं केलं तेवढ्यात सगळं सांगून झालं नाही, म्हणून लिहिते.

आमच्या गावाला बाजार आष्टीचा, रेल्वे परतूरची. घराला लागून अक्काचं घर आहे. ती नात्यातली नाही. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी म्हणून मी अक्का म्हणते, ती मला बाई म्हणते. तिचा नवरा वारला, मुलगी लग्न होऊन गेली, ती एकटी शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवून राहते. आमच्या दोन अंगणांत कमरेएवढी भिंत आहे. विरजण, कोथिंबीर, सुईदोरा, सगळं त्या भिंतीवरून इकडून तिकडे जायचं.

अक्काचा धाकटा भाऊ नवीन जालन्यात बियाण्याच्या एका दुकानात कामाला होता. नंतर स्वतःच बियाणं आणून गावोगाव विकू लागला. सरकारने बंदी घातलेलं एक कापसाचं बियाणं असतं, लोक त्याला चोरबीटी म्हणतात. तो तेच विकतो असं लोक बोलायचे. अक्काकडे तो दोन-तीन महिन्यांतून एकदा जेवायला यायचा. याहून जास्त मला काही माहीत नव्हतं, आजही नाही.

मे महिना सरत आला होता. शेतं नांगरून पडली होती आणि सगळ्यांना बियाण्याची घाई होती. सकाळचे अकरा वाजले असतील, मी अंगणात भांडी घासत होते. अक्काच्या दारासमोर जीप थांबली. चार पोलीस, एक महिला पोलीस, शेतीखात्याचा एक माणूस. कुठल्या ठाण्याचे ते लिहीत नाही. त्यांच्याबरोबर फाट्यावरचा हॉटेलवाला होता. कुठेही पंचनामा असला की पंच म्हणून त्याला उचलून आणतात, आणि तोही गल्ल्यावर कुणाला तरी बसवून खुशीने जातो.

महिला पोलीस आमच्या फाटकाशी आल्या आणि विचारलं, "सही येते का?"

"येते," मी म्हणाले.

"मंग चला. बाईचं घर आहे, बाई पंच लागते. दोन मिनिटांचं काम."

मी हात धुतले, पदर नीट घेतला. घाबरले होते, पण खोटं का लिहू, थोडं बरंही वाटलं. सगळ्या गल्लीतून मलाच बोलावलं होतं.

अक्का अंगणात उभी होती, गळ्यात मापाची फीत तशीच. साहेबांनी तिला सांगितलं की तिच्या घराची झडती घ्यायची आहे. मग पाठ केल्यासारखं म्हणाले, घरात शिरण्याआधी तुम्ही आमची अंगझडती घ्या, आमच्याजवळ काही आहे का बघून घ्या, नियम आहे. आणि त्यांनी दोन्ही हात अंगापासून थोडे बाजूला धरले. त्यांच्यामागे एक शिपाई उभा होता, खांद्याला काळी पिशवी अडकवलेला.

अक्काने तोंडाला पदर लावला आणि हसली. "काय साहेब. दारात आलेल्या माणसाच्या खिशात हात घालत्यात काय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्ही घ्या."

मी खाली बघितलं आणि दोन पावलं मागे सरले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, तोही साहेबाच्या, हे मला कल्पनेतही जमलं नसतं. कपडे धुवायला घेतले तरच मी नवऱ्याच्या खिशात हात घालते, एरवी तेही नाही. हॉटेलवाला म्हणाला, झाली झडती साहेब, चला. त्यावर सगळे हसले. आम्ही दोघीही हसलो. अक्का आत जाऊन तांब्या-पेला घेऊन आली आणि सगळ्यांना पाणी दिलं. काळ्या पिशवीवाल्यालाही दिलं. चहा ठेवते म्हणाली, साहेब नको म्हणाले.

तो हसण्याचा वेळ मी नंतर किती वेळा मोजला असेल. तांब्या भरून आणायला लागतो तेवढाच होता.

अक्काचं घर दोन खोल्यांचं. पोलीस आत गेले. मी मागोमाग निघाले तर महिला पोलिसांनी मला बाहेरच्या उंबऱ्यावर थांबवलं, आत दाटी होईल म्हणाल्या. त्या मला विचारत राहिल्या, माहेर कुठलं, मुली किती, पाणी किती दिवसांनी येतं. मी एकेका शब्दात उत्तर देत होते आणि कान आत होते. डबे सरकल्याचा आवाज आला. पत्र्याची पेटी उघडली. मशीनजवळचं खोकं उपडं केलं, त्यातली रिळं जमिनीवर घरंगळली. मग कुणीतरी म्हणालं, सापडलं. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग साहेबांचा आवाज आला.

"वर ठेव. मोबाईल काढ अन् परत काढ. आता शूटिंग लागतंय."

मग मला आणि हॉटेलवाल्याला मधल्या दारात बोलावलं. एका शिपायाने मोबाईल धरला होता. दुसऱ्याने माळ्यावर हात घालून एक पांढरं पोतं खाली ओढलं. त्यात बियाण्याची पाकिटं होती, कसलंही नाव नसलेली. शेतीखात्याच्या माणसाने एक फोडलं आणि दाणे तळहातावर घेतले.

अक्का म्हणाली, "हे माझं न्हाई."

साहेब म्हणाले, भावाचं असेल.

"भावाचं बी न्हाई. तिथं माझी गोधडी होती. गोधडीच्या मागं काहीच नव्हतं."

तिने हे तीनदा सांगितलं. कुणी लिहून घेताना मला दिसलं नाही.

कागद जीपच्या बॉनेटवर ठेवून भरले. चार पानं होती, बरंचसं आधीच लिहिलेलं. ऊन डोळ्यावर येत होतं. साहेबांनी बोट ठेवलं तिथे हॉटेलवाल्याने न बघता सह्या ठोकल्या. मग पेन माझ्याकडे दिलं. मला वाचता येतं. मी वाचू का असं विचारलं नाही. चारही ठिकाणी एकेक अक्षर सरळ काढून सही केली. शिपाई म्हणाला, अक्षर चांगलं आहे ताईंचं.

जीप निघाली तेव्हा काळी पिशवी त्याच शिपायाच्या खांद्यावर होती. ती येताना भरलेली होती आणि जाताना रिकामी, की येता-जाता सारखीच, हे मी डोळे मिटून पुष्कळदा आठवायला बघितलं. आठवत नाही. मी पिशवीकडे बघितलंच नव्हतं.

अक्काला जीपमधून नेलं. दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडलं. आल्यावर तिने पहिलं काम काय केलं, तर आमच्या मधल्या भिंतीवर तुरीच्या वाळल्या तुराट्यांच्या पेंढ्या रचल्या. माणूस दिसणार नाही एवढ्या उंच.

नळावर बायका मला बघून म्हणायच्या, सरका गं, सहीवाली आली. कुणी रागाने म्हणायचं, कुणी गमतीने. मी हंडा भरून निघायचे. एकदा धीर करून अक्काकडे गेले. ती मशीन चालवत होती, थांबली नाही. सुईकडे बघत म्हणाली, "बाई, तू सही केली तवा मी तुझ्या तोंडाकडं बघून राह्यल्ते. तू कागदाकडं बघून राह्यल्ती."

मी तशीच परत आले. त्या दिवसापासून मी आमचं दार दिवसाही लोटून घ्यायला लागले. आधी आमच्याकडे दिवसा दार फक्त कुत्रं आत शिरू नये म्हणून लावायचे.

दिवाळी झाली आणि माझ्या नावाचं समन्स आलं. सरकारच्या बाजूने साक्ष द्यायची होती. माझे मालक परतूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. माणूस वाईट नाही, मोठ्या आवाजात बोलत नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "जसं लिवलं तसं सांग अन् मोकळी हो. आपल्याला इथंच राह्यचंय." मी पंचनाम्यात काय लिहिलंय तेच मला माहीत नाही म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुढे बोलवेना.

तारखेच्या चार दिवस आधी एक शिपाई घरी आला. पिशवीवाला नव्हता, दुसरा होता. बाजेवर बसला आणि पंचनाम्याची प्रत मला भराभर वाचून दाखवू लागला. पंचांसमक्ष, पंचांसमक्ष, असं सारखं येत होतं. मग आलं की पंचांनी पोलीस पथकाची अंगझडती घेतली, त्यांच्याजवळ काहीही आक्षेपार्ह मिळून आले नाही.

मी म्हणाले, "हे आम्ही घेतलं न्हाई."

"ते सगळ्याच पंचनाम्यात असतंय, ताई. छापल्यासारखं. तुम्ही फक्त हो म्हणायचं."

"अन् न्हाई म्हटलं तर?"

हे मी विचारलं, माझं मलाच नवल वाटलं. त्याने कागदाची घडी केली.

"मंग खोट्या कागदावर सही केली, असं तुमच्यावरच उलटंल."

त्याने हे दमदाटीने सांगितलं नाही. काळजीच्या सुरात सांगितलं, पेलाभर पाणी प्यायला आणि गेला. त्यामुळेच ते जास्त लागलं. दिवसभर माझ्या हातून कामं होईनात. भाकरी तव्यावर करपली, दूध उतू गेलं. मुलगी बारावीला, घरात मी असा गुन्हा करून ठेवलेला. वाटायचं, हो म्हणावं. सगळ्याच पंचनाम्यात असतं तर एकटी मी नाही म्हणून काय होणार. मग पलीकडून मशीनचा आवाज यायचा आणि वाटायचं, मी हो म्हटलं की ते पोतं अक्काचंच झालं.

मुलीची पुस्तकं आणायची असं सांगून मी परतूरला गेले आणि विचारत विचारत अक्काच्या वकिलांकडे पोहोचले. वयस्कर माणूस, कानात केस, टेबलावर दोऱ्याने बांधलेल्या फायलींचा ढीग. मी सरकारची साक्षीदार, त्यांच्याकडे जाणं बरोबर होतं की नाही हेही मला माहीत नव्हतं. मी दारातच उभी राहिले. त्यांनी बसायला सांगितलं. काय बोलायचं ते मी तुम्हाला सांगणार नाही, म्हणाले, ते पोलीस सांगतात, मीही सांगितलं तर आमच्यात फरक काय राहिला. पण कायदा विचारायचा तर विचारा.

मी विचारलं, झडतीचा नियम मोडला तर काय होतं.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले की घर आपलं असतं, पोलिसांना आत यायचं तर नियमाने यायचं, म्हणून हे नियम केले. आधी स्वतःची झडती द्यायची, गावातले पंच घ्यायचे, आता नव्या कायद्याने शूटिंगही करायचं. पण वरच्या कोर्टाने पुष्कळ वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की झडती चुकीची झाली म्हणून सापडलेली वस्तू बाद होत नाही, तिचा विचार करता येतो.

"मंग नियम कशाला?" मी विचारलं.

"प्रत्येक नवीन जज्जसाहेबांपुढं मी हेच विचारतो, बाई." ते हसले नाहीत. "पहिले साहेब लोक निदान पोलिसांना चार शब्द सुनवायचे. ते वाचून पोलीस पुढच्या वेळी जरा जपून वागायचे. आता एका ओळीत उरकतात. त्रुटी आहेत, परंतु. त्या परंतुमधून हळूहळू सगळी घरं उघडी पडून राह्यलीत."

त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. तुमच्या साक्षीने ती सुटेलच असं नाही म्हणाले. सही का केली, हे विचारून तुम्हाला भर कोर्टात लाज आणतील. खटलाही करू म्हणतील, बहुतेक करणार नाहीत, पण खात्री देत नाही. ते पोतं आधीपासून माळ्यावर होतं की नाही, हा एकच प्रश्न आहे आणि तिच्या बाजूने बोलायला दुसरं कुणी नाही.

मी पुस्तकं घेतली आणि घरी आले. मालकांना काही सांगितलं नाही. त्यांनीही पुस्तकं आणायला एवढा वेळ का लागला ते विचारलं नाही.

कोर्टात सकाळपासून बसवलं. एकाच बाकावर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला अक्का. तिने हातशिलाईला एक ब्लाऊज आणला होता आणि हूक लावत होती. मालक भिंतीला टेकून उभे होते, कामावर खाडा करून आले होते. घरी आलेला शिपाई दाराशी होता. हॉटेलवाल्याची साक्ष माझ्याआधी झाली. सगळं बरोबर, सगळं माझ्यासमक्ष, असं तो पानपट्टीवर बोलावं तसं बोलून गेला. दुपारच्या सुट्टीनंतर माझं नाव पुकारलं.

पिंजऱ्याला लाकडी कठडा होता, लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. मी तो घट्ट धरला. सरकारी वकिलांनी चारही पानांवरच्या सह्या दाखवल्या. माझ्याच आहेत म्हटलं. मग त्यांनी विचारलं, घरात जाण्याआधी तुम्ही पोलिसांची अंगझडती घेतली, हे बरोबर?

पंखा फिरत होता. टायपिंग करणाऱ्या बाईंची बोटं थांबली होती, माझी वाट बघत. अक्काने सुई कापडात खोचली होती, ओढली नव्हती. हो म्हणायला ओठ उघडले होते, हे मी इथे लिहून ठेवते, कारण कुणाला माहीत नाही.

"न्हाई."

जज्जसाहेब म्हणाले, मोठ्याने बोला.

"न्हाई, साहेब. त्यांनी घ्या म्हणलं. आम्ही लाजलो. घेतली न्हाई."

साहेबांनी बाईंना सांगितलं, पोलिसांनी अंगझडती घेण्यास सांगितले, परंतु आम्ही ती घेतली नाही, असं लिहा. बोटं चालू झाली. माझं वाक्य अर्धंच घेतलं हे मला समजलं. ते तसंच राहिलं असतं तर वाटलं असतं की आम्ही मस्तीने नाही म्हणालो.

मी म्हणाले, "साहेब, लाजलो ते बी लिहा."

मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि ते लिहायला लावलं.

सरकारी वकील उभेच होते. हा साक्षीदार फितूर झाला म्हणाले. चौथीच्या इतिहासात फितूर म्हणजे किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून देणारा. ते माझ्यावर प्रश्नांवर प्रश्न टाकू लागले. वाचता येतं ना? येतं. मग न वाचता सही केली? केली. का केली? सांगता आलं नाही. सही येते म्हणून केली, हे कसं सांगणार. आरोपीने तुम्हाला काय दिलं?

"ती माझ्याशी बोलत बी न्हाई, साहेब. भिंतीवर तुराट्या लावल्यात तिनं."

मग त्यांनी लॅपटॉपवर शूटिंग दाखवलं. एवढासा व्हिडिओ. शिपाई माळ्यावरून पोतं ओढतो, मधल्या दारात पदर घेतलेली मी उभी. मी स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. फार लहान दिसत होते.

"ह्या तुम्हीच ना?"

"मीच."

"मग तुमच्या डोळ्यांदेखतच सापडलं की."

"हे दुसऱ्यांदा काढलं तवाचं. पहिल्यांदा काढलं तवा मला बाहेरच्या उंबऱ्यावर थांबवलं होतं. आतून आवाज आला, वर ठेव, मोबाईल काढ अन् परत काढ."

दाराशी उभा असलेला शिपाई बाहेर गेला. मालकांनी मान खाली घातली.

अक्काच्या वकिलांनी मला एकच प्रश्न विचारला. शिपायाच्या काळ्या पिशवीत काय होतं?

त्या वेळी अक्काने माझ्याकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा. त्यात पोतं होतं, एवढं मी म्हणायचं होतं. कुणी मला खोटं ठरवू शकलं नसतं, कारण कुणीच पिशवी बघितली नव्हती. त्या एका शब्दाने ती सुटली असती, असं मला अजूनही काही वेळा वाटतं.

"मला माहीत न्हाई," मी म्हणाले. "बघा म्हणले होते. मी बघितलं न्हाई."

मालकांच्या गाडीवरून घरी आलो. घराजवळ आल्यावर म्हणाले, "झालं ते झालं. जेवून घे." त्यानंतर कितीतरी दिवस दारावर मोटारसायकल थांबली की मी हातातलं काम टाकून दाराच्या फटीतून बघायचे. माझ्यावर खटला झाला नाही. होणार नाही असंही कुणी सांगितलेलं नाही.

संक्रांतीनंतर निकाल लागला. अक्काला तीन महिन्यांची कैद. वकिलांनी जालन्याला अपील केलं आणि तोवर तिला जामीन मिळाला. पोलीस शोधत होते तो तिचा भाऊ अजून सापडला नव्हता.

त्याच आठवड्यात एका दुपारी भिंतीवरच्या तुराट्या हलल्या. अक्काने मधली पेंढी बाजूला केली, तिथून एक कागदांची चळत पुढे केली आणि म्हणाली, "बाई, वाच."

निकाल मराठीतच होता, पण त्यातली मराठी मला जड गेली. मी ओळीखाली बोट धरून वाचत होते, ती भिंतीला कोपर टेकून ऐकत होती. अकराव्या पानावर माझं आलं. माझं नाव नव्हतं, पंच क्रमांक दोन एवढंच होतं. त्यात लिहिलं होतं की या साक्षीवरून झडतीच्या पद्धतीत काही त्रुटी राहिल्याचं दिसतं. पुढच्या ओळीची सुरुवात परंतुने होती. केवळ तेवढ्यावरून मिळालेला माल पुराव्यातून वगळता येत नाही, आणि पोलिसांवर अविश्वास ठेवायला कारण दिसत नाही.

"म्हणजे तू खरं बोलली, ते लिवलंय?" तिने विचारलं.

"लिहिलंय."

"अन् तरी?"

"अन् तरी."

तिने विचारलं, "लाजलो ते बी लिवलंय का?"

मी पानं पुन्हा चाळली. "न्हाई. ते इथं न्हाई."

"त्यांनी लाजायचं ते आपुनच लाजलो बघ," ती म्हणाली. कागद परत घेतले. पेंढी मात्र परत लावली नाही.

होळीच्या आधी जीप पुन्हा आली. साहेब नवीन होते. अक्काच्या भावाचा काही माल अजून इथे आहे अशी खबर आहे म्हणाले, घर बघायचं आहे. त्यांनी पंच म्हणून हॉटेलवाल्याला आणलं होतं आणि बाई पंच कोण म्हणून विचारलं. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या, एकही पुढे झाली नाही. अक्का अंगणात उभी राहून माझ्या घराकडे बघत होती.

कुणी विचारलं असतं तर जायचं नाही असंच मी त्या सकाळी म्हटलं असतं, आजही म्हणेन. मालक कामावर होते. मी आतल्या खोलीत खांबाला धरून उभी होते. दार लोटलेलं होतं. मग ते मी उघडलं आणि गेले.

साहेब म्हणाले, ताई, या, इथे थांबा.

"आधी तुमची अंगझडती," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा सांगावं लागलं.

"ती झाली असं लिहितो ना. उशीर होतोय."

"मंग सही न्हाई."

हॉटेलवाला हसला. या वेळी बाकी कुणी हसलं नाही. साहेबांनी हात बाजूला धरले. माझ्याने तेव्हाही परक्या माणसाच्या खिशात हात घालवेना. मी अक्काची बाज ओढून अंगणाच्या मधे आणली आणि म्हणाले, तुम्हीच काढून इथं ठेवा, मी बघते. आणि मोबाईल आत्तापासून चालू करा, हे बी त्यात येऊ द्या.

एकेकाने खिसे रिकामे केले. रुमाल, किल्ल्या, तंबाखूची पुडी, गोळ्यांची पट्टी, एकाच्या खिशातून लहान मुलाचा खोडरबर. दोन पिशव्या होत्या. त्या मी स्वतः घेतल्या आणि उलट्या केल्या. एकीत कागद, दुसरीत जेवणाचा डबा. डब्याचं झाकणही उघडलं. मेथीची भाजी आणि भाकरी होती. तो शिपाई माझ्याकडे बघत होता आणि माझे कान लाल झाले होते, पण मी पिशवीच्या तळाशी शिवणीपर्यंत हात फिरवला.

मग मी त्यांच्याबरोबर आत गेले. महिला पोलीस काही विचारत होत्या, मी उत्तर दिलं नाही. डबे, पेटी, मशीनचं खोकं, माळा. माळ्यावर गोधडी होती, तिच्यामागे भिंत.

पंचनामा दोन पानांचा झाला. साहेबांनी बोट ठेवलं. मी कागद उचलला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. माझं वाचन सावकाश आहे. सगळे उन्हात उभे होते, कुणी घड्याळ बघितलं, कुणी घाम पुसला. पंचांनी पथकाची अंगझडती घेतली, या ओळीवर माझं बोट थोडा वेळ थांबलं. शेवटी लिहिलं होतं की घरात काहीही मिळून आले नाही.

सही करण्याआधी मी अक्काच्या तोंडाकडे बघितलं. तिने मान हलवली. मग पेन टेकवलं तर हात असा थरथरायला लागला की पहिलंच अक्षर ओळीच्या खाली गेलं. चांगलं अक्षर आहे, असं या वेळी कुणी म्हणालं नाही.

अपिलाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. जालन्याला अक्काबरोबर मी जाणार आहे, हे मालकांना आज सांगितलं. त्यांनी विचारलं, तिथं तुझं काय काम. मी म्हटलं, निकाल देतील तो तिला वाचून दाखवायला कुणी नको का.